तापट स्वभावाचे सौम्य संत

सदरमधील कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स आपल्या नागपूरकरांना परके नाहीत. १८७० साली सुरू झालेल्या शाळेमुळे ‘एसएफएस’ ही तीन अक्षरे इतर धर्मीयांनाही पाठ आहेत. पण हे संत मुळात तापट होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दिवसभर ऑफिसात नाहीतर कारखान्यात साहेबांचे बोल ऐकायचे आणि संध्याकाळी तो राग घरच्यांवर काढायचा, असे आपल्यापैकी पुष्कळांचे होते. म्हणून हे चरित्र आपण मुद्दाम पाहू या.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय येथील सरदार घराण्यात झाला. पॅरिसमध्ये शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे या विचाराने त्यांना घेरले. कित्येक आठवडे अन्न गोड लागेना, झोप येईना. अखेर पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करताना ते ओझे उतरले. मन खचले म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हणाले तर त्याला हा प्रसंग जरूर सांगावा.

१५९३ साली ते धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी शाब्ले भागात गेले. तेथे लोक कॅल्विनपंथी झाले होते. प्रवचनाला जवळजवळ कोणी येत नसे. तेव्हा फ्रान्सिस यांनी आपले विचार कागदावर लिहून ते पत्रके म्हणून दाराखालून सरकवायला सुरुवात केली. कोणाची निंदा न करता चार वर्षे हे काम चालले आणि लोक हळूहळू वळले. १९२३ साली पोपसाहेबांनी त्यांना पत्रकार व लेखकांचे आश्रयदाते संत ठरवले, ते याच पत्रकांची आठवण ठेवून.

१६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले, पण त्या शहरात त्यांना राहता येत नव्हते. सारा कारभार अ‍ॅनसीहून चाले. भेटायला येणाऱ्यांची रीघ, तक्रारी, भांडणे. रक्त उसळे, पण मन अस्वस्थ असताना जीभ उघडायची नाही, हा त्यांचा नेम होता. हा सौम्यपणा अंगी यायला वीस वर्षे लागली असे सांगतात. मृत्यूनंतर त्यांच्या पित्ताशयात खडे सापडले, ते गिळलेल्या रागाचे, असेही लोक म्हणू लागले. डॉक्टर हे मानणार नाहीत, पण हा सौम्यपणा फुकट मिळाला नव्हता एवढे तरी लोकांना कळले होते.

१६०४ साली त्यांची जेन दी शांताल या विधवेशी ओळख झाली. जेन यांचे पती शिकारीत एकाच्या हातून चुकून गोळी लागून वारले होते. शिवाय सासऱ्यांच्या घरी एक कारभारीण त्यांना सतत पाण्यात पाहत असे. फ्रान्सिस यांनी क्षमेची घाई केली नाही. त्या माणसाची भेट मुद्दाम घेऊ नये, पण तो समोर आलाच तर मन कडू ठेवू नये, असा त्यांचा सल्ला होता. पुढे जेन त्याच माणसाच्या बाळाच्या धर्ममाता झाल्या. कारभारणीचा जाच त्यांनी अनेक वर्षे सोसला आणि तिच्या मुलांना स्वतः शिकवले. १६१० साली या दोघांनी मिळून अ‍ॅनसी येथे व्हिजिटेशन हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला.

२८ डिसेंबर १६२२ रोजी लिऑन येथे फ्रान्सिस यांचे निधन झाले. राजदरबाराच्या निमित्ताने ते तेथे गेले होते आणि उतरले होते मठाच्या माळ्याच्या घरात.