लायोनेल हॅम्प्टन : व्हायब्राफोनला जॅझमध्ये मानाचे स्थान मिळवून देणारे कलावंत

व्हायब्राफोन या वाद्याला जॅझ संगीतात स्वतंत्र स्थान मिळवून देणारे अमेरिकन वादक म्हणून लायोनेल हॅम्प्टन यांची ओळख आहे. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कलावंतांनी एकाच रंगमंचावर बसून वादन करण्याची प्रथा अमेरिकेत रुजवण्यातही त्यांचा मोलाचा वाटा होता.

हॅम्प्टन यांचा जन्म २० एप्रिल १९०८ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. बालपण अलाबामातील बर्मिंगहॅम येथे गेल्यानंतर त्यांचे कुटुंब शिकागो येथे स्थायिक झाले. तेथे ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने वृत्तपत्रविक्रेत्या मुलांसाठी चालवलेल्या वाद्यवृंदात ते ड्रम वाजवू लागले. याच काळात त्यांनी झायलोफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचेही शिक्षण घेतले. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते कॅलिफोर्नियात आले आणि ड्रमवादक म्हणून उदरनिर्वाह करू लागले.

व्हायब्राफोन हे वाद्य १९२० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. यात पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे मांडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, टोकाला सूत गुंडाळलेल्या काठ्यांनी आघात केला जातो. प्रत्येक पट्टीखाली एक नळी असते. नळीच्या तोंडाशी विजेच्या मोटारीवर फिरणारी चकती असल्याने स्वराला कंप प्राप्त होतो, तर पायाच्या पट्टीने स्वर लांबवता किंवा थांबवता येतो. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या अनेक हिंदी चित्रपटगीतांतूनही या वाद्याचा नाद भारतीय श्रोत्यांना परिचित झाला आहे. मात्र सुरुवातीच्या काळात त्याचा उपयोग रंगमंचावरील करमणुकीपुरता आणि रेडिओवरील सूचक घंटानादापुरताच होता.

१९३० मध्ये लॉस एंजेलिस येथे विख्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या गीतांचे ध्वनिमुद्रण सुरू होते. साथीच्या वाद्यवृंदात हॅम्प्टन ड्रमवर होते. स्टुडिओत ठेवलेला व्हायब्राफोन आर्मस्ट्राँग यांच्या दृष्टीस पडला आणि तो वाजवता येईल का, अशी विचारणा त्यांनी केली. झायलोफोनची पट्टीरचना परिचित असल्याने हॅम्प्टन यांनी लगेच होकार दिला. ‘मेमरीज ऑफ यू’ या गीताच्या त्या ध्वनिमुद्रणापासून हे वाद्य त्यांच्या आयुष्याचा भाग झाले. ड्रमवादकाची लय आणि जोम त्यांनी व्हायब्राफोनमध्ये आणला. वेगवान स्वरमालिका, ठसठशीत आघात आणि श्रोत्यांना भारावून टाकणारा उत्साह ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये ठरली.

१९३६ मध्ये प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांनी लॉस एंजेलिसमधील एका कॅफेत त्यांचे वादन ऐकले. गुडमन आणि ड्रमवादक जीन क्रुपा हे श्वेतवर्णीय, तर पियानोवादक टेडी विल्सन आणि हॅम्प्टन हे कृष्णवर्णीय. या चौघांचा संच देशभर जाहीर कार्यक्रम करू लागला. स्टुडिओच्या चार भिंतींआड असे एकत्र वादन पूर्वीही होत असे. परंतु तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ते करणे धाडसाचे होते. त्या काळी अनेक हॉटेलांत आणि उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य स्पर्धांमध्ये वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये ढासळली. जॅझच्या रंगमंचावर तिला त्याआधी दशकभर तडे गेले होते. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या संचाने केलेले वादन जॅझच्या इतिहासात अजरामर झाले.

१९४० मध्ये हॅम्प्टन यांनी स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला. १९४२ मधील ‘फ्लाइंग होम’ या ध्वनिमुद्रणाने त्याला अफाट लोकप्रियता मिळाली. वाद्यवृंदाचा आर्थिक व्यवहार त्यांच्या पत्नी ग्लॅडिस कठोर शिस्तीने पाहत. क्विन्सी जोन्स, चार्ल्स मिंगस, डायना वॉशिंग्टन, वेस माँटगोमेरी असे अनेक नामवंत याच वाद्यवृंदातून पुढे आले. मात्र वेतन तुटपुंजे असल्याची नाराजीही वादकांमध्ये होती. १९५३ च्या युरोप दौऱ्यात स्वतंत्र ध्वनिमुद्रणास मनाई असतानाही काही तरुण वादकांनी रात्री गुपचूप ती केली.

१९७१ मध्ये ग्लॅडिस यांचे निधन झाले. पुढील काळात हॅम्प्टन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अल्प उत्पन्न गटासाठी गृहप्रकल्प उभारण्यास हातभार लावला. त्यांपैकी एकास पत्नीचे नाव देण्यात आले. १९८७ मध्ये आयडाहो विद्यापीठाच्या संगीत विद्यालयाला हॅम्प्टन यांचे नाव देण्यात आले.

जानेवारी १९९७ मध्ये त्यांच्या न्यूयॉर्कमधील निवासस्थानी आग लागली. त्यातून ते बचावले. परंतु वाद्ये, स्वरलिपी आणि आयुष्यभर जपलेल्या आठवणींच्या वस्तू भस्मसात झाल्या. दोनच दिवसांनी राष्ट्रीय कलापदक स्वीकारण्यासाठी ते राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यासमोर उपस्थित झाले. अंगावरचे कपडे उसने होते.

३१ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी न्यूयॉर्क येथे हॅम्प्टन यांचे निधन झाले. आगीत त्यांचा वैयक्तिक संग्रह नष्ट झाला असला, तरी १९३० मधील ते पहिले ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते.