विषयाची निवड : दादासाहेब फाळके यांचे चरित्र

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक प्रकल्पासाठी पुराणांतील अथवा महाकाव्यांतील विषय निवडावयाचा असला म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांचे मन एकदम अठरा पर्वांच्या महाभारतावर जाऊन बसते. आणि प्रकल्प सादर करण्याचा दिवस उजाडतो, तो एकटे आदिपर्वही हातून पुरे झालेले नसते. विषय कसा निवडावा हे ज्यांच्यापासून शिकावे, असे एक थोर गृहस्थ आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे शास्त्री असून पुढे मुंबईस विल्सन या मिशनच्या कॉलेजात अध्यापक झाले. पुराणकथांचे बाळकडू धुंडिराजांस घरातच मिळाले. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणादी कला हस्तगत केल्या. आपल्या पिंपळे सौदागरजवळील कासारवाडी स्थानकावरून लोणावळ्याकडे जाणारी गाडी वाटेत मळवलीस थांबते. तेथे राजा रविवर्म्याचा चित्रांचा छापखाना होता. घरोघरी टांगल्या जाणाऱ्या देवादिकांच्या त्या चित्रांसाठी फाळके यांनी शिळाछापाचे काम केले. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन तो व्यवसाय त्यांनी सोडला, व चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांस रिकाम्या हाताने उभे राहावे लागले.

अशा स्थितीत १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईस प्रभू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र चालले असता त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे मात्र गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. परक्या देशातील कलावंतांनी आपल्या श्रद्धेचा विषय ज्या प्रेमाने चितारला, त्याच प्रेमाने आपणही आपल्या घरच्या कथा चिताराव्या, असा त्यांनी निश्चय केला. खरे अनुकरण ते हेच, असे आम्हांस वाटते.

या ध्यासापायी रात्रंदिवस प्रयोग करून त्यांचे डोळे अधू झाले व काही काळ दृष्टीच जाण्याची वेळ आली. तरीही विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. एवढेच नव्हे, तर फिल्म धुण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व भार उचलला.

आता विषय कोणता घ्यावा? मनात कृष्णचरित्र होते. परंतु त्याचा विस्तार अफाट, आणि गाठीस पैसा तर थोडा. फाळके यांनी सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राची कथा निवडली. ती लहानथोरांस पाठ होती. म्हणून मुक्या चित्रपटातही ती सर्वांस कळणार होती. शिवाय पात्रे मोजकी होती. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसविले. रोहिदासाच्या भूमिकेत स्वतःचा मुलगा भालचंद्र यास उभे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला.

मनातला कृष्ण त्यांनी टाकून दिला नव्हता. हात बसल्यावर १९१७ साली ‘लंकादहन’, १९१८ साली ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’ हे चित्रपट त्यांनी काढले. शेवटच्यात त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती. पुढे बोलपटांचा काळ आला व दादासाहेब मागे पडले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. उत्तरकाळी लक्ष्मीने त्यांस फारशी साथ दिली नाही. मात्र १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार भारत सरकार देत आले आहे.

बालमित्रहो, मोठे स्वप्न अवश्य बाळगा. परंतु आरंभ आपल्या शक्तीत बसेल व पुरा होईल अशा कथेपासून करा. पुरा झालेला हरिश्चंद्र हीच कृष्णाकडे जाणारी पायरी होय. आणि पालकहो, मुलाने विषय निवडला म्हणजे त्यास सरस्वतीबाईंसारखा हातभार लावा. त्याचे काम मात्र त्यासच करू द्या.