वारसा की लागण?

दौंड-शिरूरकडच्या घरात गाय व्याली की पहिला चीक वासराला पाजतात. आधी वासरू, मग आपला खरवस. का, तर आईच्या पहिल्या दुधातून वासराला रोगाशी लढायची ताकद मिळते. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, घरातली आजीच सांगते.

आता हाच विचार उलटा करून बघा. आईच्या दुधातून ताकद जाते, तसा एखादा आजारही जात असेल का? आणि आईला झालेला आजार पुढे लेकीला झाला, तर तो रक्ताच्या नात्यातून आला की दुधातून? म्हणजे तो वारसा म्हणायचा की लागण?

साधारण 75 वर्षांपूर्वी मुंबईत परळला, पुण्याच्या एक बाई उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर बसून याच प्रश्नाशी झगडत होत्या. डॉ. कमल रणदिवे. 8 नोव्हेंबर 2021 ला गूगल उघडलं असेल तर त्यांचं चित्र तुम्ही पाहिलंही असेल. त्या दिवशी त्यांचा 104 वा जन्मदिवस होता.

सीताफळापासून सुरुवात

कमल समर्थ पुण्यात जन्मली, 1917 मध्ये. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींनी शिकावं यासाठी ते आग्रही होते. त्या काळात हे फार कमी घरांत होतं. कमल हुजूरपागेत शिकली, मग फर्ग्युसनला आली. वडिलांची इच्छा होती की तिने मेडिकलला जावं आणि डॉक्टर नवरा करावा. तिने दोन्ही ऐकलं नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि 1939 मध्ये तिने लग्न केलं ते गणितातल्या माणसाशी, जे. टी. रणदिवे यांच्याशी.

लग्नानंतर मुंबईला बिऱ्हाड झालं, पण शिक्षण सुटलं नाही. नवऱ्याची साथ होती. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. आपल्याकडे सीताफळ म्हटलं की बाजारभाव आठवतो. कमलताईंनी त्याच्या पेशीत डोकावून वारसा कुठे लिहिलेला असतो ते बघितलं. पेशीत डोकावायची ही सवय पुढे आयुष्यभर राहिली, फक्त झाडाच्या जागी उंदीर आला.

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झालं होतं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते, भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी काम सुरू केलं आणि 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. कामाचा विषय होता स्तनाचा कर्करोग, आणि हे काम उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर चालायचं.

दुधात काय होतं?

उंदीरच का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. प्रयोगशाळेत उंदरांचे असे वाण तयार केलेले होते की काहींमध्ये बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग व्हायचा, तर काहींमध्ये क्वचितच. सगळ्यांना वाटलं, हा सरळ आनुवंशिक आजार आहे. मग अमेरिकेत त्यांचे संकर केले गेले. आई कर्करोगाच्या वाणाची आणि बाप निरोगी वाणाचा असेल तर लेकींना कर्करोग व्हायचा. आई निरोगी आणि बाप कर्करोगाच्या वाणाचा असेल तर फारच कमी. पण वारसा तर दोघांकडूनही निम्मा-निम्मा मिळतो. मग आईकडून जास्तीचं काय मिळत होतं?

1936 मध्ये जॉन बिटनर यांनी एक साधी गोष्ट केली. कर्करोगाच्या वाणातली पिल्लं जन्मताच उचलली आणि निरोगी वाणाच्या दाईला लावली. दूध बदललं आणि कर्करोगाचं प्रमाण एकदम घटलं. म्हणजे दुधात काहीतरी होतं. ते काय, हे कळलं नाही म्हणून त्याला नुसतं दुधातला घटक म्हणू लागले. पुढे कळलं की तो विषाणू आहे.

पण कोडं संपलं नाही, उलट वाढलं. विषाणू असला तरी सगळ्याच वाणांना तो सारखा बाधत नव्हता, म्हणजे वारशाचाही हात होता. शिवाय माद्यांच्या शरीरातल्या संप्रेरकांनी, म्हणजे हार्मोन्सनी, कर्करोगाचं प्रमाण कमी-जास्त व्हायचं. वारसा, हार्मोन आणि विषाणू, असे तीन आरोपी समोर उभे होते.

कमलताईंनी एकालाच पकडून बाकीच्यांना सोडून दिलं नाही. कर्करोगाकडे असलेला कल, हार्मोन आणि विषाणू यांचं आपसात नेमकं काय नातं आहे, हाच त्यांच्या संशोधनाचा गाभा राहिला. आज हे साधं वाटतं. तेव्हा या तिघांना जोडणारा धागा जगात कुणाच्याच हातात नव्हता.

काचेतल्या पेशी

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी त्यांना अमेरिकेला जायला सांगितलं. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये त्या ऊतिसंवर्धन शिकल्या, म्हणजे शरीरातल्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायची आणि वाढवायची विद्या. जगप्रसिद्ध हेला पेशी वाढवल्या त्या याच गे यांच्या लॅबने.

तिथेच राहायचं त्यांनी मनात आणलं नाही. परत येऊन त्या परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये रुजू झाल्या आणि तिथे भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना वाढायला जे पोषक द्रावण लागतं, तेसुद्धा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच लॅबमध्ये बनवलं. 1966 ते 1970 या काळात त्या संस्थेच्या संचालक होत्या. कर्करोग कसा सुरू होतो, पेशी कशी चालते, शरीराची प्रतिकारशक्ती काय करते, यासाठी त्यांनी वेगवेगळे विभाग काढले. कुष्ठरोगाच्या जंतूंवरचं त्यांचं कामही मोठं आहे.

सातबाऱ्यात घुसलेली ओळ

मधल्या काळात त्या तीन आरोपींचं गणित दुसरीकडे सुटत होतं. अमेरिकेत हॉवर्ड टेमिन कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या एका विषाणूवर काम करत होते. या विषाणूत डीएनए नसतो, आरएनए असतो. 1964 मध्ये टेमिन यांनी मांडलं की हा विषाणू पेशीत शिरला की आरएनएवरून डीएनए बनवतो. फारसं कुणी मानलं नाही, कारण डीएनएवरून आरएनए बनतो, उलटं होत नाही, असंच सगळे शिकले होते. 1970 मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी स्वतंत्रपणे हे उलटं लिहिणारं एन्झाइम शोधून दाखवलं, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. 1975 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा विषाणूंना रेट्रोव्हायरस म्हणू लागले. उंदराच्या दुधातला विषाणूही याच जातीचा निघाला.

तो करतो काय, हे समजायला आपला सातबारा डोळ्यासमोर आणा. समजा, बाहेरचा एक माणूस परक्या लिपीतली चिठ्ठी घेऊन कार्यालयात आला. आधी त्याने ती चिठ्ठी दप्तराच्या लिपीत लिहून घेतली. हे झालं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजचं काम. मग दप्तर मध्येच उसवून त्यात आपली ओळ शिवून टाकली. हे काम दुसऱ्या एन्झाइमचं, इंटिग्रेज त्याचं नाव. ते पेशीचा डीएनए कापतं आणि विषाणूचा डीएनए त्यात जोडून देतं. आता ती ओळ परकी राहिली नाही. कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक नकलेत ती येणार, शिक्क्यासकट. पेशी दुभंगली की दोन्ही लेकी पेशींत ती ओळ असणार. आणि हे जर बीजांडात किंवा शुक्राणूत घडलं, तर ती थेट पुढच्या पिढीच्या प्रत्येक पेशीत उतरणार.

म्हणजे वारसा की लागण, या प्रश्नाचं उत्तर असं की इथे लागणच वारसा होऊन बसते. उंदरांत हे दोन्ही दिसतं. काही वाणांना हा विषाणू दुधातून मिळतो, काहींच्या डीएनएत तो जन्मापासूनच असतो.

मग कर्करोग कुठून येतो? या विषाणूकडे स्वतःचं असं कर्करोगाचं जनुक नाही. सगळा खेळ तो कुठे घुसला यावर आहे. त्याच्या ओळीच्या दोन्ही टोकांना जनुक चालू करणारं जोरदार बटण असतं. शेतातल्या मोटरीला ऑटो स्विच लावतात ना, लाइट आली की आपोआप पाणी सुरू, तसं समजा. ही ओळ पेशीची वाढ ठरवणाऱ्या एखाद्या जनुकाशेजारी घुसली, तर ते जनुकही नको तेव्हा चालू होतं आणि पेशी वाढतच सुटते. 1982 मध्ये रोल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी उंदरांच्या गाठींत असं एक जनुक पकडलं. आज त्याला डब्ल्यूएनटी-1 म्हणतात.

आणि या स्विचला लाइट कुठली? तर स्टेरॉइड हार्मोन्स. म्हणूनच मादीच्या हार्मोन्सप्रमाणे विषाणूचा जोर बदलतो. वारसा, हार्मोन, विषाणू हे तिन्ही एकाच ओळीशी येऊन भेटले. ज्या तिघांना कमलताईंनी एकमेकांपासून तोडलं नव्हतं, त्यांचं नातं असं उलगडलं.

माणसांचं काय?

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी. हे सगळं उंदरांचं झालं. माणसाच्या दुधातही असा विषाणू असतो का, हे शोधायचा प्रयत्न झाला. 1971 मध्ये अमेरिकी आणि मुंबईच्या संशोधकांनी मिळून मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधाचे नमुने तपासले. त्या समाजात स्तनाचा कर्करोग जास्त आढळायचा. उंदराच्या विषाणूसारखे कण काही नमुन्यांत दिसले, जगभर चर्चा झाली. पण असा विषाणू माणसातल्या स्तनाच्या कर्करोगाचं कारण आहे, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

गावात अजूनही कॅन्सर झालेल्या बाईचं ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं आहेत. तिच्या मांडीवर नातवंड देत नाहीत. स्तनाचा कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. उलट बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःला तो व्हायचा धोका थोडा कमीच होतो. मात्र आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला तो झाला असेल, तर घरातल्या बाकीच्या बायकांनी डॉक्टरांना तसं सांगून वेळेत तपासणी करायला हवी. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत कमलताईंचं नाव घेतलं जातं.

माणसाला गाठणारा सगळ्यात कुप्रसिद्ध रेट्रोव्हायरस मात्र दुसराच निघाला, एचआयव्ही. उपचार न घेणाऱ्या आईच्या दुधातून तो बाळाला होऊ शकतो. त्याचीही ओळ पेशीच्या दप्तरात शिवली जाते, म्हणून गोळ्या बंद केल्या की तो पुन्हा डोकं वर काढतो. सरकारी एआरटी केंद्रात आज जी गोळी मिळते, तिच्यातलं डोल्युटेग्राविर हे औषध नेमकं इंटिग्रेजचा हात धरतं. चिठ्ठी लिहून झाली तरी ओळ शिवूच द्यायची नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या की माणूस नेहमीसारखं आयुष्य जगतो.

नदीपलीकडे

कमलताईंनी 200 हून जास्त शोधनिबंध लिहिले. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या, शिकलेल्या मुली संशोधनात टिकाव्यात म्हणून. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण त्या लॅबपुरत्या राहिल्या नाहीत. शिरूरला घोड ओलांडली किंवा दौंडला भीमा, की नगर जिल्हा लागतो, आताचा अहिल्यानगर. त्या जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं.

11 एप्रिल 2001 ला कमलताई गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत माणसाच्या संपूर्ण डीएनएचा पहिला मसुदा छापून आला होता. त्यात दिसलं की आपल्या डीएनएतला सुमारे 8 टक्के भाग अशाच जुन्या रेट्रोव्हायरसांनी मागे ठेवलेला आहे. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना झालेल्या लागणी, आज आपल्या वारशात. बहुतेक ओळी मोडून पडल्यात, पण काही अजून कामाला येतात. आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार तयार होताना तिथल्या पेशी एकमेकींत विलीन होतात, त्या सिन्सिटिन नावाच्या प्रथिनामुळे. ते प्रथिन मुळात एका रेट्रोव्हायरसचं होतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड लावाल, तेव्हा ती घाईघाईत काढून ठेवू नका. गुणसूत्रं दिसेपर्यंत थोडा वेळ बघा. कमल समर्थनेही अशाच एका स्लाइडपासून सुरुवात केली होती.