धर्मानंद कोसंबी : एका एकाकी तरुणाची ज्ञानयात्रा

थोर पुरुषांचे नाव उच्चारताच त्यांची कीर्ती, त्यांचे ग्रंथ आणि त्यांना लाभलेले मानसन्मान प्रथम डोळ्यांपुढे उभे राहतात. हे पुरुषही एके काळी सोळा-सतरा वर्षांचे होते, त्यांनाही आपले मन कोणापुढे उघडे करावे हे कळत नव्हते, याचा मात्र आपणांस विसर पडतो. म्हणून पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे जगन्मान्य पंडित धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रातील त्यांच्या तारुण्याचा भाग विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोमंतकातील सांकवाळ या गावी झाला. घर सारस्वतांचे, घरची भाषा कोकणी आणि निर्वाहाचे साधन नारळीची बागायत. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक असे व बुद्धीविषयीही कोणी फारशी आशा बाळगली नव्हती. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. मराठीचे जुजबी शिक्षण पदरी पडले, तेवढ्यावरच शाळा संपली. पुढे बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

बाहेरून पाहणाऱ्यास या तरुणाचे काय उणे होते? आईवडील होते, भावंडे होती, पत्नी होती, डोक्यावर छप्पर होते. तरीही तो एकाकी होता. घर माणसांनी भरलेले असतानाही मनुष्य एकटा असू शकतो, ही गोष्ट ज्याने अनुभवली नाही त्यास पटणे कठीण जाते. धर्मानंदांच्या मनात जे प्रश्न उठत ते माडांच्या राखणीचे किंवा नारळाच्या भावाचे नव्हते. मनुष्याने जगावे कशासाठी, ज्ञान कोठे मिळते, असे ते प्रश्न होते आणि त्यांत भागीदार होईल असे माणूस जवळपास नव्हते. मन उदास होई, संसार नकोसा वाटे. संस्कृत शिकावे या ओढीने ते घराबाहेर पडले आणि काही साध्य न होताच परतही आले. असे परतणे किती जड जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अशा मनःस्थितीत मराठी पुस्तके व मासिके हाच त्यांचा विरंगुळा होता. विनायक कोंडदेव ओक हे मुलांसाठी 'बालबोध' नावाचे मासिक चालवीत असत. 1897 च्या सुमारास त्यातील गौतम बुद्धाचे चरित्र धर्मानंदांच्या वाचनात आले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. ऐश्वर्यात वाढलेल्या एका राजपुत्रासही दुःखाचा प्रश्न सुटेना, हे वाचून आपण एकटेच असे नाही, हा दिलासा त्यांना मिळाला असावा, असे आम्हांस वाटते. मुलांच्या एका लहानशा मासिकाने केवढे कार्य केले, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे.

1899 च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, धर्मानंदांनी घर सोडून पुणे गाठले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे ग्वाल्हेरवरून ते काशीस गेले. खिशात द्रव्य नाही, परका मुलूख, अन्नछत्रातील जेवणावर गुजराण, अशा स्थितीत त्यांनी तेथे संस्कृताचे अध्ययन केले. 1902 मध्ये बौद्ध धर्माच्या शोधार्थ ते नेपाळात गेले. तेथे निराशा पदरी आली, पण मागे न फिरता ते बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणांपाशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास केला व श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही काही काळ राहून ध्यानाचा अभ्यास केला.

या प्रवासात ते अनेक वेळा एकटे होते. भाषा परकी, अन्न परके, प्रकृती अस्थिर. पण सांकवाळचे एकटेपण व हे एकटेपण यांत आम्हांस मोठा भेद दिसतो. पहिल्यात प्रश्न मनात कोंडलेला होता, तर दुसऱ्यात तो प्रश्न घेऊन ते दारोदार हिंडत होते. जो विचारतो त्यास कोणी तरी उत्तर देतो, निदान पुढचे दार तरी दाखवितो. केवळ गाव बदलल्याने एकाकीपण सरत नाही. आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्यापुढे ठेवली, तेव्हाच ते ओसरू लागते.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धर्मानंद गेले तेव्हा बाळाबाईंच्या मांडीवर माणिक ही तान्ही कन्या होती. पती कोठे आहे, परत येईल की नाही, याची शाश्वती नसताना या तरुण स्त्रीने सुमारे सात वर्षे काढली. धर्मानंदांच्या एकाकीपणातून ज्ञानयात्रा निर्माण झाली व तिचे चरित्र लिहिले गेले. बाळाबाईंचे एकाकीपण मात्र घराच्या भिंतींआडच राहिले. तेव्हा घर सोडून निघून जाणे हा या चरित्राचा बोध नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे.

1906 मध्ये चीवराचा त्याग करून धर्मानंद पुनः गृहस्थ झाले व गोव्यास येऊन कुटुंबास भेटले. पुढील वर्षी त्यांना पुत्र झाला. गणित व इतिहास या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळविणारे दामोदर कोसंबी ते हेच. कलकत्त्यास त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले होते. परंतु आपले ज्ञान आपल्या लोकांना मिळावे ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून कार्य करावे म्हणून दरमहा 50 रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी ते पत्करले.

1910 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विशुद्धिमार्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेस बोलाविले. ज्या तरुणाची शाळा मराठीच्या जुजबी शिक्षणापाशी थांबली होती, त्यास हे आमंत्रण आले! 1912 पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुढे बौद्ध विद्येत नावाजलेले प्रा. पु. वि. बापट हे त्यांच्या शिष्यांपैकीच होत. एकेकाळी ज्यास विचारांचा एकही सोबती मिळत नव्हता, त्याच्याभोवती आता शिष्यांचा मेळा जमला.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्यही विश्रांतीचे नव्हते. अमेरिका व रशिया येथील विद्यापीठांत त्यांनी कार्य केले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कारावास भोगला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहार उभारण्यास ते झटले. 'निवेदन' हे आत्मचरित्र व 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. त्यांनी संपादिलेला 'विशुद्धिमार्ग' 1950 मध्ये, त्यांच्या पश्चात, हार्वर्डहून प्रसिद्ध झाला.

आम्ही शिक्षक वर्गात उभे राहतो तेव्हा हात वर करणारी मुले सहज दिसतात. मागच्या बाकावर गप्प बसलेला मुलगा, मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाणारी मुलगी, यांच्याकडे लक्ष जावयास वेळ लागतो. अशा मुलास मंद अथवा घुमा ठरवून मोकळे होणे सोपे आहे. सांकवाळच्या मुलाविषयीही लोकांची समजूत फारशी निराळी नव्हती. ज्याला एकटे वाटते त्याने आपला प्रश्न मनात कोंडून ठेवू नये. आईवडील, शिक्षक, मित्र, यांपैकी कोणापाशी तरी तो बोलावा. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जावे. आणि ज्यांना सोबत आहे त्यांनी आपल्या बाकावर थोडी जागा करून द्यावी. धर्मानंदांना पहिला सोबती एका मासिकाच्या पानांत भेटला. आमच्या विद्यार्थ्यांना तो शेजारच्या बाकावरच भेटो, अशी आमची इच्छा आहे.