क्रेगेनचा कॉन लेही

स्लायगोच्या मैदानावर आपली मुले आज उंच उडी शिकतात ती पाठीवरून, फोमच्या जाड गादीवर पडत. आयर्लंडने या प्रकारात एकेकाळी जगाला धाक घातला होता, तेव्हा गादी नव्हती. उडी मारायची ती गवतावरून, कातरीसारखे पाय टाकत, आणि उतरायचे दोन्ही पायांवर. आजकाल कुणी तसे उतरले तर गुडघा हातात येईल! त्या जमान्यातला सर्वांत नामांकित उडीवाला म्हणजे कॉन लेही. तो स्लायगोचा नव्हे, कॉर्क आणि लिमरिक या काउंट्यांच्या सीमेवरच्या क्रेगेनचा. तरीही त्याची कथा या स्मरणिकेत का, ते पुढे येईलच.

कॉनचा जन्म 27 एप्रिल 1876 चा. घरात सात भाऊ, सगळेच खेळाडू. आपल्याकडे एखाद्या गावात एकाच घरातून चार-चार पैलवान निघतात, तसाच प्रकार. धाकट्या पॅटने 1900 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत दुसरा आणि लांब उडीत तिसरा क्रमांक मिळवला होता. अशा भावाच्या सावलीत दुसऱ्याने झाकोळून जायचे, अशीच रीत असते. कॉन झाकोळला नाही. आयर्लंडच्या मैदानांवर आणि इंग्लंडच्या अजिंक्यपद स्पर्धांतही त्याने एकाहून अधिक वेळा बाजी मारली.

1906 च्या वसंतात तो अथेन्सला निघाला. ग्रीसने ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाच्या दशकपूर्तीचे खेळ भरवले होते. बरोबर लांब उडीचा विश्वविक्रमवीर पीटर ओ'कॉनर आणि धावपटू जॉन डेली. तिघांच्या अंगावर हिरवे कोट, त्यांवर सोनेरी शॅमरॉक. आयर्लंडचे खेळाडू म्हणून त्यांची नावे गेली होती. पण नियम झाला होता की नावे राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फतच यायला हवीत, आणि आयर्लंडला अशी समिती नव्हती. तिघे ब्रिटनच्या संघात धरले गेले.

लांब उडीत ओ'कॉनर दुसरा आला आणि त्याच्या नावाने युनियन जॅक वर चढला. तेव्हा चौतिशीला टेकलेला हा गृहस्थ सरळ झेंड्याच्या खांबावर चढला आणि वरून त्याने हिरवा झेंडा फडकवला. त्यावर आयर्लंड चिरायू असो, अशा अर्थाची अक्षरे होती. खाली खांबाशी पहारेकऱ्यांना अडवून उभा होता कॉन लेही. चढणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. बुंध्याशी उभ्या राहिलेल्याचे तेवढे घेतले जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

त्याच खेळांत लेहीने उंच उडी जिंकली, 1.775 मीटरवर. हंगेरीचा गोंत्सी 1.75 वर थांबला. तिहेरी उडीत ओ'कॉनर पहिला, लेही दुसरा. उंची आजच्या मुलांना किरकोळ वाटेल, पण धावायला आजचा ट्रॅक नव्हता, पडायला गादी नव्हती, हे विसरू नये.

दोन वर्षांनी लंडन ऑलिंपिक. या वेळी अमेरिकेचा हॅरी पोर्टर 1.905 मीटरवर पहिला आला. 1.88 वर तिघे बरोबरीत राहिले: लेही, फ्रान्सचा जिओ आंद्रे आणि हंगेरीचा शोमोदी. तिघांनाही दुसरा क्रमांक. लेही उतरला होता ब्रिटनच्याच संघातून. खांबाशी पहारा दिलेला माणूस त्याच झेंड्याखाली पुन्हा कसा गेला, असे विचारणारे भेटतात. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. बत्तिशीतल्या उडीवाल्याला पुढचे ऑलिंपिक मिळण्याची आशा थोडी, आणि आत जायला दार एकच होते.

आपल्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये. 1920 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने अँटवर्पला पथक गेले. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला, कुस्तीत रणधीर शिंदे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यांच्याही डोक्यावर झेंडा साहेबाचाच होता. म्हणून ते गेले नसते तर बरे, असे आपण कधी म्हटले आहे काय?

1909 मध्ये लेही अमेरिकेला गेला, लाखो आयरिश माणसे गेली तसा. 18 डिसेंबर 1921 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. वय अवघे पंचेचाळीस. लंडनमध्ये आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या करारावर सह्या झाल्या त्या 6 डिसेंबरला, म्हणजे बाराच दिवस आधी.

आता स्लायगो. स्वतंत्र आयर्लंडचा संघ प्रथम ऑलिंपिकला गेला तो 1924 साली, पॅरिसला. त्या वेळी खेळांबरोबर कलांच्याही स्पर्धा असत. नव्या देशाच्या नावावर पहिले रौप्यपदक जमा केले ते चित्रकार जॅक बी. येट्स यांनी, कवी येट्स यांच्या धाकट्या भावाने. जन्म लंडनचा, पण बालपण आपल्या या गावात, आजी-आजोबांच्या घरी गेलेले. चित्र होते डब्लिनच्या लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीचे. ते डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर पाहावे. त्यात पोहणारे लहानसे दिसतात, काठावर वाकून पाहणारी गर्दीच मोठी आहे.

अथेन्सचे ते खेळ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आज अधिकृत धरत नाही. लंडनचे पदक मात्र यादीत आहे. कॉन लेहीच्या नावापुढे तिथे अजूनही ग्रेट ब्रिटन असे लिहिलेले असते.