पायी, बोटीने, आगगाडीने : अण्णासाहेब कर्वे यांचा प्रवास

आपल्यापैकी पुष्कळ घरांतील कर्ता माणूस कामासाठी सदा बाहेर असतो. कोणी जहाजावर, कोणी विमानात, कोणी परदेशी नोकरीवर. घरच्यांना वाटते, त्याची काय मजा आहे! त्याला मात्र ठाऊक असते की गाव पाहायला वेळ नसतो, जेवण वेळेवर नसते आणि मन मागे घरात राहिलेले असते. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत की ज्याचे निम्मे आयुष्य प्रवासात गेले. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, सर्वांचे अण्णासाहेब.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. आपले पूर्वज ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीत बसले, त्याच जिल्ह्यातले हे गाव. घरची स्थिती बेताची होती.

सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी त्यांना साताऱ्यास जायचे होते. पावसाळ्याचे दिवस होते. सोबत्यांसह ते पायी निघाले आणि घाट चढून शंभर मैलांहून अधिक वाट तुडवीत पोहोचले. पण मूर्ती लहान! हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. आले तसे परत जावे लागले. इतके चालून हात रिकामेच राहतात, हा प्रवासाचा पहिला धडा त्यांना तेथे मिळाला.

तरी ते खचले नाहीत. १८८४ साली मुंबईत गणित घेऊन बी. ए. झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. या लग्नामुळे मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. ज्या गावाची ओढ, त्याच गावात पाय ठेवणे कठीण झाले.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली पुण्याबाहेर हिंगणे येथे त्याची झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात शिकवावे आणि मग काही मैल चिखल तुडवीत हिंगण्यास जावे, असा त्यांचा क्रम बराच काळ चालला. सुटी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरावे. ते काही फर्डे वक्ते नव्हते. स्वभाव भिडस्त. अनोळखी दारात उभे राहून पैसे मागणे अशा माणसाला किती जड गेले असेल, याचा विचार करावा.

आणि घरी? सारे लक्ष आश्रमाकडे, म्हणून संसाराचा भार बायांवर पडला. पैशाची नेहमी चणचण. बायांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हे काही लपविलेले नाही. मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमासाठी खूप पायपीट केली. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्या घरी घरकाम करून राहिल्या.

१९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. पण विद्यापीठाची माहिती जगापुढे मांडणे बाकी होते. म्हणून मार्च १९२९ मध्ये, सत्तरी गाठलेले अण्णासाहेब विलायतेस निघाले. इंग्लंड, जिनिव्हा आणि डेन्मार्क येथील शिक्षणपरिषदा, त्यानंतर अमेरिका, जपान. एप्रिल १९३० मध्ये परतले. इतर लोक या वयात ओटीवर बसून नातवंडे खेळवितात. हे मात्र डिसेंबर १९३० मध्ये पुन्हा बोटीत बसले ते आफ्रिकेसाठी!

मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजीबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका अशी पंधरा महिने त्यांची भ्रमंती चालली. आपल्या बेटाच्या पश्चिमेचा हा किनारा. आपल्या पूर्वजांप्रमाणेच समुद्र ओलांडून आलेल्या हिंदी लोकांच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगितली.

परतल्यावरही स्वस्थता नव्हती. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९५० साली बाया गेल्या. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, त्यांचा शेवटचा प्रवास झाला.

आम्हांस वाटते, या चरित्रात दोन पारडी आहेत. एकात हजारो मुलींचे शिक्षण, तर दुसऱ्यात घरी वाट पाहणाऱ्या बायांचे कष्ट. अण्णासाहेबांचा जयजयकार करताना दुसरे पारडे विसरू नये. आणि वाचकहो, आपल्या घरचा प्रवासी दमून परत येईल, तेव्हा त्याने काय आणले हे विचारण्याआधी त्याला पाटावर बसवून गरम जेवू घालावे. त्यानेही मग, आपल्या पाठीमागे घर कोणी सांभाळले, याची आठवण ठेवावी.