किर्लोस्करांचा पंपही जो नियम मोडू शकला नाही, तो बाष्पदाब म्हणजे काय?

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की आष्ट्याकडचे शेतकरी मोटर खाली उतरवतात. मोटर तीच, मग वरूनच पाणी का येत नाही?

आधी पंपवाल्या माणसाची गोष्ट.

लक्ष्मणराव किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणा आडवा आला. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळं पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले.

१९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला. आष्ट्याच्या उत्तरेला, कृष्णेपलीकडं, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२६ मध्ये या कारखान्यात सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला.

आता विहिरीकडं येऊ.

पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीलाही हवा पाणी १०.३ मीटरच्या वर नेऊ शकत नाही. त्यातही एक वाटेकरी आहे, पाण्याची स्वतःची वाफ. तिचा दाब म्हणजे बाष्पदाब.

तो मोजायची जुनी रीत सोपी आहे. पाऱ्याच्या बॅरोमीटरच्या नळीत पाण्याचे थेंब सोडायचे. वरच्या पोकळीत वाफ होते आणि पारा खाली दाबला जातो. जितका उतरला, तितका बाष्पदाब. इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी १८०१ च्या सुमारास असंच मोजलं. ३० अंश सेल्सिअसला पारा सुमारे ३२ मिलिमीटर उतरतो, ४० अंशांना ५५. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर ४३ आणि ७५ सेंटिमीटर.

पंपातला दाब याच्याही खाली गेला की पाणी गरम न होताच उकळतं. बुडबुडे होतात, फुटतात, पंप खडखडतो आणि आतला पंखा झिजतो. पाइपातलं घर्षणही धरलं तर सहा-सात मीटरच्या वर पाण्याचा भरवसा नाही. पाण्यात बुडून राहणाऱ्या सबमर्सिबलला मात्र ही अडचण येत नाही, कारण तो पाणी वर ढकलतो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. नांगराबद्दलची समजूत त्यांनी चिकाटीनं बदलली. बाष्पदाबाची समजूत कुणालाच काढता येत नाही. म्हणून मोटरच खाली उतरवायची.